कंट्रोलमधले पोरकिडे

बशीतले सगळे पोरकिडे मेले होते. कारखानीस साहेब खूश. मी नव्हते, कारण शेजारच्या बशीतलेही मेले होते आणि ते जगायला हवे होते.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीला एका टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट होते. घाटकोपरच्या एका शेठना धान्य टिकवायला वेखंडाचा अर्क बाजारात आणायचा होता. लॅबमध्ये बाळंतिणीच्या खोलीसारखा वास. काम साधं. काही बशांतल्या तांदळाला अर्क लावायचा, काहींना नाही आणि सगळ्यांत जिवंत किडे सोडायचे. अर्क न लावलेली बशी म्हणजे कंट्रोल. तिथलेही मेले, तर अर्काने काय केलं ते कळतच नाही.

"शेठ दुपारी येतायत. सही करून टाका," साहेब म्हणाले.

"कंट्रोल मेलाय, साहेब."

"वास गेला असेल हो तिकडे. माल किती स्ट्राँग आहे बघा!"

"उद्या बायका याच्या भरवशावर वर्षाचे तांदूळ भरतील. मी सही करणार नाही."

"मग शेठना तुम्हीच सांगा!"

मी कंट्रोलमधले तांदूळ तळहातावर घेऊन चोळले. बोटांना पांढरं लागलं.

"साहेब, हे तांदूळ कुठले?"

"स्टोअरमधले संपले, म्हणून मी घरून आणले. एकदम बेस्ट. आमच्याकडे वर्षभर एक किडा दिसणार नाही."

"का दिसत नाही?"

"मिसेस बोरिक पावडर लावून ठेवते ना!"

बोलले आणि त्यांनी माझ्या पांढऱ्या बोटांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "वाट लागली."

दुपारी शेठ आले. मेलेले किडे बघून त्यांचा चेहरा फुलला.

"झकास! माझा माल चालला ना, बेन?"

"माहीत नाही, शेठ. हे तुमच्या मालाने मेले की बोरिकने, सांगता येत नाही. टेस्ट पुन्हा करावी लागेल."

शेठ चिडले. दुसरी लॅब बघतो म्हणाले. साहेब माझ्याकडे बघेनात. पण अर्काची बाटली शेठ टेबलावरच ठेवून गेले.

गिरणीतून कोरे तांदूळ आणून मी सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी वेखंडाच्या बशीत बहुतेक किडे मेले, थोडे उरले. कंट्रोलमधले मजेत फिरत होते. मी 'बहुतेक' असंच लिहिलं आणि सही केली.

पुढचा प्रत्येक अर्क पाठवताना शेठ फोनवर एकच विचारत, "सही त्या बेनचीच ना?"

लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना मी एवढंच सांगायची: मेलेले नंतर मोजा, आधी जगायला हवेत ते जगलेत का बघा. आणि तांदूळ घरून आणू नका.