दिल्लीच्या माथी मारलेलं

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझं सगळं जाणून होती — म्हणजे तिला तसं वाटायचं. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका. मधेच ‘जाऊ द्या हो’ म्हणू नका, एवढंच.

दिल्लीबद्दल मी आयुष्यभर फार बोललो. चार माणसं जमली की माझं पालुपद ठरलेलं — तिकडे इंग्रजांना नवी राजधानी उभी करायला पैसा लागला, म्हणून इकडे आमच्या नदीवरचा पूल व्हायचा राहिला. ऐकणारे माना डोलवायचे. एखादा शिवी हासडायचा, मग मलाही बरं वाटायचं. काऊन बरं वाटायचं? तेच सांगायला बसलोय.

मी तेव्हा सडकेवर मोहरीर होतो. मोहरीर म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा, खडीचे ढीग मोजून घेणारा, आणि ओव्हरसीयर साहेब आले की त्यांचा घोडाही धरणारा. नोकरी कच्ची. कधीही घरी बसवतील अशी. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरला जोडलेला, त्यामुळे आमच्या बुलढाण्याकडच्या मोरीचं नि पुलाचं नशीब नागपुरात ठरायचं. माझा मुक्काम दुसरबीडजवळच्या एका खेड्यात होता. गावाचं नाव सांगत नाही. नदी लहानच, उन्हाळ्यात पोरंसोरं उडी मारून ओलांडतील अशी. पण पावसाळ्यात ती कधी फुगेल नेम नाही, आणि बाजार, वैद्य, दाई — सगळं पल्याड.

म्हणून त्या गावची एक रीत होती. ज्या बाईचे दिवस पावसाळ्यात भरायचे, तिला मृगाच्या आत पल्याड नेऊन ठेवायचं. नात्यातलं कुणी असो नसो, दुसरबीडात कुणीतरी पडवी द्यायचंच. ‘पल्याड धाडणं’ म्हणत त्याला. जुन्या बायका त्या कामी चुकत नसत.

मार्गशीर्षात साहेबांचं पत्र आलं : गावानं दगड नि मुरूम वाहून दिला तर चुना, गवंडी, मजुरी सरकारची, तीन कमानींचा पूल पावसाआधी उभा राहील. चावडीवर ते मीच वाचून दाखवलं. लोकांना नीट कळेना, तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणालो, असं समजा की सरकारनं तुम्हाला इर्जिकीला बोलावलंय.

इर्जिक तुम्हाला ठाऊक असेल. एकाच्या शेताचं काम उरकत नसलं की सगळा गाव आपापले बैल घेऊन जातो, मजुरी नाही, घरधनी पोटभर जेवू घालतो. पण आज मी तुझ्याकडे आलो तर उद्या तू माझ्याकडे यायचंस — त्याला चुकणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. झालं, सरकारला त्यांनी गावातलाच एक घरधनी धरलं. जेवण अजून दिलं नाही, पण देईल. पौषात गाड्या जुंपल्या. काळा दगड, टेकडीवरून उतरवायचा, बैलांचे गुडघे फुटायचे. सगळ्यांच्या पुढे किसनबुवाची गाडी. त्याची सून गोदा पहिलटकरीण होती, तिला माहेर उरलं नव्हतं, आणि पूल सर्वांत जास्त हवा होता तो त्यालाच.

दुपारी गाड्या सोडल्या की मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. त्यात दिल्लीची वर्णनं असत — हे एवढे रस्ते, लाटसाहेबाचा वाडा, लांबून लांबून आणलेला लाल दगड. किसनबुवा चिलीम बाजूला ठेवून ऐकायचा.

‘‘येवढा दगड कोन वाहून राह्यलं असंल हो तिथं?’’ त्यानं एकदा विचारलं. ‘‘राजाची इर्जिक म्हंजे जेवन जोरदार असंल.’’

सगळे हसले. मीही हसलो.

फाल्गुनात, होळी व्हायची होती अजून, साहेबांनी मला बोलावलं आणि दुसरं पत्र हातात दिलं. पूल तहकूब. खर्चाला मंजुरी नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. ते साहेबांनी तोंडी सांगितलं — सगळा पैसा दिल्लीकडे वळलाय, आपल्याकडची कामं आता विसरा. खरं होतं का ते? मला काय ठाऊक. मोहरीराला कोण हिशेब दाखवतो? मग ते म्हणाले, पण दगड येतोय तो येऊ दे. डाकबंगल्याच्या रस्त्याला लागेल. फुकटचा दगड कोण थांबवतो? आणि तुला पक्कं करण्याबद्दल मी वर लिहिणार आहेच.

थांबा — इथं मी नेहमी थांबतो, मनातल्या मनात सांगतानाही.

मी ते पत्र पेटीत ठेवलं आणि गावात येऊन गप्प बसलो. फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख गेला. गाड्या येतच राहिल्या आणि मी त्या मोजून घेत राहिलो. ‘बरा दगड आणला’ असंही म्हणायचो. वैशाखात किसनबुवा माझ्या दारी आला. उभ्या उभ्याच बोलला.

‘‘मोहरीर, गवंडी तं दिसत नाई अजून. सरकारचं काई आलं का?’’

‘‘येतील,’’ मी म्हणालो.

‘‘मंग सुनेले पल्याड धाडत नाई या साली. पह्यलीच खेप हाय, परक्याच्या पडवीत काऊन ठेवा तिले?’’

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? दारात उभा होता माणूस. एक वाक्य पुरलं असतं. बुवा, पूल होत नाही, सून धाडा. नोकरीही कदाचित गेली नसती, कोण चुगली करणार होतं? पण मला वाटलं, हा गावभर बोलेल, गाड्या बंद पडतील, साहेब रागावतील. आणि पाऊस काय, कधी कधी उशिरा येतो. हे असलं मी खरंच मनाशी म्हणालो. ‘‘तुमची मर्जी,’’ एवढंच बोललो.

आषाढात गोदाला कळा सुरू झाल्या त्या सकाळीच नदी भरून आली. हाका मारून मारून पल्याडच्या दाईला काठावर आणलं. बोचकं काखेत घेऊन ती तिकडे उभी, आणि इकडे आमची दगडांची रास. पाण्यावरून तिचं ओरडणं ऐकू यायचं — तिले कुशीवर निजवा, पोट चोळू नका. इकडून एकजण धावत घरी जाऊन सांगायचा, परत धावत यायचा. मीही काठावर होतो. दुपार कलली तशी दाई खाली बसली, मग तिनं ओरडणं सोडून दिलं.

मुलगी झाली, ती जगली. गोदा गेली.

मग मी पत्राची गोष्ट बाहेर काढली. म्हणजे — आत्ताच आलंय, असं सांगून. पैसा दिल्लीनं नेला, असं चावडीवर सांगितलं. मला वाटलं होतं कुणीतरी तारीख विचारेल. पण वाचता कुणाला येत होतं? किसनबुवानं उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला. ‘‘तुमी तरी काय करसान मोहरीर. सरकार इर्जिकीले आलंच नाई.’’ आणि मी मान हलवली.

साहेबांची बदली झाली. मला पक्कं कुणी केलं नाही. त्यांनी वर काही लिहिलंच नव्हतं, हे पुढं कळलं. त्याचा मला किती राग होता म्हणून सांगू! फसवलं, मला फसवलं, असं वर्षानुवर्षं धुमसत होतो. डाकबंगल्याच्या रस्त्यावरून जाताना पायाखालचा दगड ओळखू यायचा, तरी राग साहेबांचाच यायचा. नाहीतर दिल्लीचा. फसवलेला माणूस मी एकटाच, असं धरून चाललो होतो.

गोदाची मुलगी मोठी झाली. मी त्या गावी अधूनमधून जायचो, ती पाणी आणून द्यायची, मोहरीरकाका म्हणायची. ती सात-आठ वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. किसनबुवा बाहेर गेलेला. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘काका, माही माय कशानं गेली हो? आबा सांगत नाई.’’

मी तिला सगळं सांगितलं — नदी, पूर, दाई. पूल झाला असता तर वाचली असती, तेही. आणि पूल का झाला नाही म्हणून तिनं विचारलं, तर म्हणालो, दिल्लीनं पैसा नेला.



‘‘लई मोठी हाय का हो दिल्ली?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘फार मोठी.’’