मिरगाआधीची आवराआवर

काजूच्या डब्यांनी भरलेला ट्रक गेटात उभा होता आणि बिल काही निघत नव्हतं. मी वेंगुर्ल्यातल्या त्या काजू कारखान्याच्या ऑफिसात शिरले, तर मालक आबाशेट उभ्याउभ्या ओरडत होते. शेट एरवी ऑफिसात पुस्तकी मराठी बोलतात. मालवणीवर आले की समजायचं, पारा चढलाय.

"माझो काजू खंय गेलो गो वीणा? सकाळी हुतो, आता नाय!"

"शेट, आधी मला खुर्ची द्या. मग ओरडा."

काजू गोदामात होता तिथेच होता. नाहीसा झाला होता तो बिलिंगच्या सिस्टिममधून. या भागातल्या तीन-चार धंद्यांच्या सिस्टिम मी सांभाळते. पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा सगळे म्हणाले, गावात कसलं आयटी? म्हटलं, जिथे कंप्युटर आहे तिथे तो बिघडणारच. पोटापुरतं मिळेल.

तर इथे सिस्टिम दोन. गोदामाची एक, बिलिंगची दुसरी. दोन्हींत मालाची वर्गवारी असते: वर 'काजू', त्याच्या पोटात अख्खा गर, पाकळी, तुकडा. टॅक्सचा दर या वर्गाला चिकटवलेला. म्हणजे वर्ग नाही तर दर नाही, दर नाही तर बिल नाही आणि बिल नाही तर गाडी हलत नाही. गाडी जायची होती बांद्यावरून गोव्याला, एका हॉटेलवाल्यांकडे. त्यांची ही पहिलीच ऑर्डर. शेट किती महिने त्यांच्या मागे होते!

शेटनी लॉग बघितला होता. कोणी काय केलं याची सिस्टिम जी नोंद ठेवते, तो लॉग. 'काजू बंद' या कामापुढे नाव होतं स्टोअर सांभाळणाऱ्या रोझीबायचं. त्या बिचाऱ्या कपाटाला टेकून उभ्या होत्या. कारखाना सुरू झाल्यापासूनची बाई, आणि शेट सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी गेली नाय तर उद्यापासून तू येव नको."

मला संताप आला. पण शेटशी भांडून बिल निघत नसतं.

"रोझीबाय, नक्की काय केलंत?"

"दरवर्षी करतंय ताच गो. मिरग इलो की बी घेणा बंद. मगे काजूचा खाता बंद करून ठेवतंय, कोणी चुकान खरेदी घालूक नको म्हणान."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिरग, म्हणजे पावसाचं मृग नक्षत्र, तोंडावर आला की आमच्याकडे घरोघरी आवराआवर असते. लाकडं पडवीत, सुकी मासळी डब्यात, कोकमाची सोलं बरणीत. रोझीबाय तीच आवराआवर गोदामाच्या सिस्टिममध्येही करत. इतकी वर्षं त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. पण त्या वर्षी दोन सिस्टिमच्या मध्ये एक स्क्रिप्ट आली होती. स्क्रिप्ट म्हणजे कंप्युटरला लिहून दिलेल्या सूचना. बाहेरच्या एका कंपनीने ती बसवून दिली आणि हात झटकले. दोन्ही सिस्टिमच्या बाहेर, तिसऱ्याच मशीनवर ती राहते. दर तासाला गोदामाची वर्गवारी वाचते आणि बिलिंगची हुबेहूब तशी करते. इथे चालू वर्ग दिसला की तिथे घालते, दिसला नाही की तिथला पुसते. काजू बंद झालेला बघून तिने तिथलं काजूच्या वर्गवारीचं अख्खं झाड मुळापासून काढलं. आणि स्क्रिप्टचं हे रोझीबायना कोणी सांगितलंच नव्हतं.

"मगे मी परत चालू करतंय," म्हणत रोझीबाय माऊसकडे धावल्या.

"हात लावू नका!" मी ओरडलेच.

कारण असं, की प्रत्येक वर्गाला आतून एक नंबर असतो. शाळेतून नाव काढलेलं पोर परत घातलं की त्याला नवा हजेरी नंबर मिळतो, तसं स्क्रिप्टने नवा नंबर दिला असता. टॅक्सचे दर आणि सगळे डबे मात्र जुनाच नंबर धरून बसलेले. ते जुळवायला आठवडा गेला असता.

आधी मी स्क्रिप्ट थांबवली. नाहीतर तास भरताच ती पुन्हा झाडू मारायला हजर! मग बिलिंगची कचरापेटी उघडायला घेतली. काही सिस्टिम पुसलेलं तिथे ठेवतात, काही कायमचं टाकतात. ही कुठल्या जातीची, मला ठाऊक नव्हतं. त्यात आमच्याकडचं नेट! पान उघडता उघडेना. मागे रोझीबाय त्यांच्या चर्चमधल्या सायबिणीला हाक मारत होत्या. खरं सांगते, मीसुद्धा मनातल्या मनात वेतोबाला नारळ बोलले.

पान उघडलं. सगळा काजू तिथे होता, जुन्या नंबरांसकट. देवा! जिवात जीव आला.

आधी वरचा 'काजू' परत आणला, मग पोटातले. उलटं केलं असतं तर ते पोरके लटकले असते. चाचणीसाठी एक बिल काढून बघितलं. दर आला. मग खरं बिल काढलं आणि प्रिंटर खडखडला. त्या आवाजावर मी इतकी कधीच खूश झाले नव्हते. ट्रक गेटाबाहेर पडला तेव्हा रोझीबायनी माझा हात जो धरला, तो सोडेचनात.

शेट माफीबिफी मागणारे नव्हेत. चपला घालताना पाठमोरेच म्हणाले, "रोझी, उद्या वेळेर ये गो. माल भरूचो आसा."

रोझीबाय पदर डोळ्यांना लावून, "येतंय तर," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेटनी मला सांगितलं, रोझीच्या हातातून ते बटण काढून घे. मी म्हटलं, बटण त्यांच्याकडेच राहील, विचारायला स्क्रिप्ट शिकेल. आता काहीही पुसण्याआधी ती थांबते, रोझीबायना मेसेज पाठवते आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय हलत नाही. माझ्या धंद्यातला धडा एवढाच: मशीनला कामाला लावलंत की ते शेजारच्या माणसालाही सांगा.

यंदा मिरगाआधी रोझीबायचा फोन आला.

"गो वीणा, तुझी ती स्क्रिप्ट माका इचारता, काजू पुसू काय?"

"मग? काय सांगितलंत?"

"सांगलंय, आवराआवर माझी आसा. तू हात लावलंस तर उद्यापासून येव नको!"