तांब्यावरची नावं

किस्से जमवायला माणसं लई लागत नाहीत. आमच्या ऑफिसात आम्ही तिघंच आहोत, तरी कूलरखाली पाणी साचावं तसे किस्से साचून राहिलेत. नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्यावर खाली खताचं दुकान, वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. माधव सर मालक. मी बालाजी, मूळचा देवणीचा. तिसरी हदगावची शिवकन्या, सहा महिन्यांच्या ट्रायलवर आलेली. आणि एक स्टीलचा तांब्या. खरं सांगायचं तर बरेचसे किस्से त्याचेच.

*

तांब्या आला तो आमच्या दोघांच्या हुशारीमुळं. एका दुपारी सर त्यांच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवरची जुनी यादी पुसत होते आणि त्याच वेळी मी तीच यादी भरत होतो. संध्याकाळपर्यंत एका गिऱ्हाइकाची अर्धी यादी गायब!

दुसऱ्या दिवशी सरांनी घरून तांब्या आणला. नियम असा, की ज्याच्या टेबलावर तांब्या असेल त्यानंच सर्व्हरला हात लावायचा. काम झालं की तांब्या मधल्या स्टुलावर परत. आणि तांब्या घ्यायचा हक्क कुणाला, तर ज्याचं नाव तांब्यावर घातलंय त्याला. सरांनी बाजारात जाऊन दोघांची नावं घालून आणली.

गंमत अशी, की तांब्या सरांच्या लग्नातल्या आहेराचा. त्यावर त्यांच्या आत्याबाईंचं नाव आधीपासून होतंच. म्हणजे नियमानं आत्याबाईंनाही सर्व्हरला हात लावायचा पूर्ण हक्क आहे. अजून तरी आलेल्या नाहीत.

*

एकदा चुलतभावाच्या लग्नाला देवणीला निघालो. बाटली सापडेना, बस सुटायला आलेली. टेबलावरचा तांब्या भरला, वर फडकं बांधलं आणि निघालो.

दोन दिवस सर सर्व्हरसमोर हात बांधून बसले. नियम त्यांनीच केलेला, मोडणार कसा? शेवटी फोन केला तर आमच्या काकूनं तांब्या मांडवात पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला घेतलेला. सर एवढंच म्हणाले, "त्याला घेऊन लवकर ये. तू नाही आलास तरी चालेल."

*

आता हाच तांब्या प्रोग्रॅममध्येही असतो, हे सांगायला पाहिजे. लातूरची एक तेलमिल आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. वजनकाटा एक, त्याला जोडलेले कॉम्प्युटर दोन. दोन्हींनी एकदम वजन वाचलं तर याच्या ट्रकचं वजन त्याच्या पावतीवर. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक लॉक ठेवतात. लॉक ज्याच्या हातात, त्यानं वाचायचं; बाकीच्यांनी थांबायचं.

पण लॉकवरही नावं घालावी लागतात. ते कुणी घ्यायचं आणि त्याच्या परमिशनची यादी कुणी बदलायची, हे ठरवावं लागतं. पहिल्या दिवशी काट्यावरच्या कॉम्प्युटरवर "ॲक्सेस डिनाइड", म्हणजे तुला हक्क नाही, असं आलं. मी घाईत होतो. लग्नपत्रिकेत सर्वांना सहकुटुंब बोलावतात तशी सगळ्यांना सगळी परमिशन देऊन टाकली. प्रोग्रॅम चालू झाला! मिलच्या मालकांनी फोन करून माझं कौतुक केलं आणि मी आठवडाभर ताठ मानेनं फिरलो.

*

ते शिवकन्येला दिसलं. "दादा, सगळ्यांना सगळं कशाला दिलं?" तिनं विचारलं. म्हटलं, चालून राहिलंय ना, राहू दे.

मग तिनं त्यांच्या विहिरीचं सांगितलं. विहीर तिघा भावांची, मोटर एक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आपल्या पाळीला मोटर चालू करायची, झालं की बंद करायची, एवढा हक्क तिन्ही घरांना. पण पाळ्या बदलायच्या त्या फक्त थोरल्या काकांनी. "न्हाईतर दादा, जो पहाटे लवकर उठंल त्याची विहीर," ती म्हणाली.

मी हसलो. तिनं मात्र दुरुस्ती लिहून, तपासून तयार ठेवली. सर्व्हरवर चढवता येईना, कारण तांब्यावर तिचं नाव नव्हतं. ट्रायलवाल्यांना तांब्या नाही. आणि ट्रायल दिवाळीला संपणार होती. तोवर पक्की झाली तर ठीक, नाहीतर हदगावला परत, असं तिच्या बाबांनी सांगून ठेवलं होतं. ती डबा खाताना हे सहज बोलायची, पण डबा अर्धाच संपायचा.

*

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात लातूरहून फोन आला. सोयाबीनचा हंगाम, काट्यावर ट्रकांची रांग, आणि आमचाच प्रोग्रॅम आमच्याच लॉकपुढं "ॲक्सेस डिनाइड" म्हणून उभा! झालं असं, की मिलच्या ऑपरेटरनं दुसरा एक प्रोग्रॅम टाकला होता. त्या प्रोग्रॅमनं आमचं लॉक उघडून परमिशनची यादी बदलली आणि फक्त स्वतःपुरती ठेवली. बदलायची परमिशन मीच वाटलेली. मिलचे मालक म्हणाले, एका तासात चालू करा, नाहीतर तुमच्या आधीचा जुना प्रोग्रॅम परत लावतो.

सर निलंग्याहून परतीच्या रस्त्यावर, फोन लागेना. तांब्या माझ्या टेबलावर. पण हे ठीक करणं मला येत नव्हतं. ते शिवकन्येला येत होतं.

मी तांब्या उचलला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

"दादा, माझं नाव न्हाई त्याच्यावर."

"माझं हाय ना," म्हटलं. "मी देऊन राहिलो."

तिनं ऑपरेटरला फोनवरून तो प्रोग्रॅम बंद करायला लावला, आमचा नव्यानं चालू केला, आपली दुरुस्ती चढवली. लॉक घेणं आणि सोडणं सगळ्यांना. यादी बदलणं फक्त आमच्या मुख्य प्रोग्रॅमला. वीस मिनिटांत पहिल्या ट्रकची पावती निघाली. ऑपरेटरचा आवाज ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात सर दारात. त्यांनी तिच्या टेबलावरचा तांब्या पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. सरांनी तांब्या उचलला आणि जिना उतरून गेले.

शिवकन्येनं टेबल पुसलं. वही, डबा पिशवीत भरला. अर्ध्या तासानं फोन वाजला. सरांचा.

"बालाजी, भांड्याच्या दुकानात हाय मी. तिला विचार, नाव कुठं घालायचं?"

मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढं धरला. पिशवी तिच्या खांद्यावर तशीच होती.

"दादांच्या नावाखाली घाला, सर," ती म्हणाली. "पण खाली जागा सोडायला सांगा. अजून पोरी येतील."