आत्याचा रिपोर्ट चांगला आला

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. तीस-बत्तीस वर्षं एकच काम, बटणासाठी चीर पाडायची आणि तिच्या कडा मशीनवर बांधायच्या. बाकीची शिवण चुकली तर उसवता येते. काज एकदा कापलं की कापलं, शर्ट वाया. म्हणून तिचा हात कधी चुकला नाही. महिन्यातले चार-पाच दिवस मात्र तिला बसवत नसे. ओटीपोटात अशी कळ उठायची की स्टूल बाजूला सारून, एक कोपर पोटात रुतवून ती उभ्याने मशीन चालवायची. कारखान्यात तिचं नाव पडलं 'उभी'. घरात ती 'नाटक कंपनी' होती. हे नाव माझ्या बाबांनी ठेवलं होतं.

बाबा तिचे थोरले भाऊ, धंद्याने प्लंबर. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्याने तिला आमच्या दारात आणून सोडलं. मूल होत नाही आणि सारखी अंथरूण धरून असते, ही त्याची तक्रार. बाबांनी बहिणीची बाजू घ्यायची सोडून त्याची माफी मागितली. पुढे मी पाच वर्षांची असताना आई गेली आणि मला वाढवायला घरात बिनपगारी बाई आहे हे बाबांच्या पथ्यावर पडलं. तरी आत्या पोट धरून वाकली की ते तिच्या चालण्याची नक्कल करायचे, आणि मी हसायचे. लपवून काय करू? पोट दुखेपर्यंत हसायचे.

तेराव्या वर्षी तीच कळ मला आली आणि माझं हसू जिरलं. माझी नक्कल मात्र कोणी केली नाही. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. गरम पाण्याची पिशवी आली, या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फेऱ्या झाल्या. आत्या माझे पाय दाबत हे सगळं बघायची.

सतराव्या वर्षी मोठ्या हॉस्पिटलात कळलं की गर्भाशयाच्या आत असायला हवं तसलं अस्तर माझ्या पोटात त्याच्या बाहेर रुजलंय, आणि अंडाशयावर गाठ आहे, ती ऑपरेशन करून काढावी लागेल. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला हा त्रास? बाबा म्हणाले, कोणालाच नाही. आत्या त्यांना खेटून बसली होती. मीच म्हणाले, हिला होता. डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि नेमकं कुठे दुखायचं ते विचारलं. हा प्रश्न तिला जन्मात कोणी विचारला नव्हता. तिने साडीवरून डाव्या बाजूला, खाली, एक बोट टेकवलं.

तिथे या आजारावर संशोधन चालू होतं. आम्हा तिघांचं रक्त घेतलं. डॉक्टरबाईंनी समजावलं की इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक असतं, त्याचं काम झालं की शरीर ते मोडून बाहेर टाकतं. ते मोडणारी जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात आणि त्यातल्या काही फरकांमुळे या आजाराचा धोका जरासा वाढत असावा.

"म्हणजे निचरा तुंबतो," बाबा म्हणाले. कधी नव्हे ते त्यांना डॉक्टरी भाषा कळली होती.

इतकं सोपं नाही, असं त्या म्हणाल्या. फरक असून आजार होत नाही आणि नसूनही होतो. पण बाबांनी निचरा एकदा धरला तो धरला. घरी येताना आत्याने मला दोनदा विचारलं, रिपोर्टवर शिक्का असतो का.

महिन्याने रिपोर्ट आले. तो फरक माझ्यात निघाला. बाबांमध्येही निघाला, मला आला तो त्यांच्याकडूनच. आत्यामध्ये नव्हता. डॉक्टरबाईंनी तिला बजावून सांगितलं की यावरून तुम्हाला आजार नव्हता असं ठरत नाही, लक्षणं तर सगळी त्याचीच होती. पण पाळी थांबून दोन वर्षं झालीत, आता दुखत नाही, तर उगाच दुर्बीण घालून बघायचं कशाला?

घरी बाबांनी स्वतःचा कागद घडी करून खिशात टाकला आणि तिचा टेबलावर पसरला.

"पाइप मोकळा आहे, मग तुंबलं कुठून?" ते म्हणाले. "जन्मभर आम्हाला नाचवलंस."

आत्याने कागदावर शिक्का शोधला. होता. नंतर ओट्याशी उभी राहून तिने मला हळूच विचारलं, "तुझं दुखणं खरं आहे गं. पण मी खरंच नाटक करत होते का?"

उत्तर मला माहीत होतं. पण ऑपरेशनचा फॉर्म तिथेच बसलेल्या बाबांच्या समोर होता, सही व्हायची होती, आणि उलट उत्तर ऐकलं की बाबा आठ-आठ दिवस अडून बसतात हे मला चांगलं ठाऊक होतं. दुखून दुखून मी स्वार्थी झाले होते. मी म्हणाले, "डॉक्टरांनाच माहीत." बाबांनी सही केली.

ऑपरेशन सोमवारी झालं. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आतले फोटो दाखवले. काळपट डाग होते, आतडं गर्भाशयाला चिकटलेलं होतं. बाबा ढसाढसा रडले. माझ्या लेकराने किती सोसलं, हेच पुन्हापुन्हा म्हणत राहिले. आत्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. शेजारचं स्टूल रिकामं होतं. तिने एक फोटो हातात घेतला, यातली डावी बाजू कुठली ते डॉक्टरबाईंना विचारलं आणि एका डागावर बोट टेकवलं.

"इथंच," ती म्हणाली.

"काय इथंच?" बाबांनी विचारलं.

"काही नाही दादा. हिला इथंच दुखत असेल."

बाबांनी फोटो तिच्या हातातून काढून घेतला आणि खिशातल्या रुमालाने पुसला.