अम्मीनं ऐकलेला अल्बम
कणसं भाजल्याचा वास आला की सिल्लोडच्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा मी जिंकले होते आणि माझा पहिला अल्बम त्या दिवशी मोबाइलवर आला होता. "आवाज फार गावरान आहे," असं म्हणून मुंबईच्या संगीतकारानं तो मशीनवर पार गुळगुळीत केला होता. अम्मी चुलीवरची कणसं तशीच सोडून फोनजवळ येऊन बसली. गाणं अर्धं झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "ही पोरगी लई गोड गाती, पण तुझी बारी कवा येते?" मी म्हटलं, "येईल आता." गाणं संपलं तरी ती वाट बघत राहिली. पुढं मला गायला कुणी बोलावलं नाही. हल्ली मी वाळूजला कारखान्यात जाते. बसमधल्या बायका गा म्हणाल्या, की घसा बसलाय म्हणून सांगते.