गंगुबाईंच्या ओसरीवरचे रविवार

डोंबिवलीहून ठाकुर्लीकडे जाणाऱ्या वाटेवर गंगुबाई पेंडशांचं घर होतं. दोन खोल्या, एक ओसरी आणि सहा खुर्च्या. खुर्च्या त्यांच्या यजमानांनी पाहुण्यांसाठी म्हणून एकदम घेतल्या होत्या. पाहुणे येण्याआधी यजमानच गेले. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून खुर्च्यांवर चादर होती आणि पुढच्या दाराला आतून कडी.

मूलबाळ नव्हतं. १९५२ च्या दसऱ्याला पेणहून धाकटे दीर परशुराम यांचं पत्र आलं. 'वहिनी, एकटीने राहून काय मिळवता? मार्गशीर्षात न्यायला येतो. घर बंद करून टाकू.' गंगुबाईंनी 'बरं' असं कळवलं. पेणला भिंतीला टेकून माळ ओढत बसायचं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण नाही म्हणायला कारण सापडेना.

त्याच आठवड्यात शेजारच्या चाळीतली सरोज आली. तिच्या एका खोलीत सात माणसं, आणि नणंदेला, हेमाला, बघायला नाशिकची मंडळी यायची होती.

"काकू, रविवारपुरत्या खुर्च्या द्याल?"

"खुर्च्या घराबाहेर जायच्या नाहीत. बसायचंच असेल तर माणसांनी इकडे येऊन बसावं."

गंगुबाईंच्या मते हा नकार होता. सरोजने ते आमंत्रण धरलं. रविवारी चार वाजता दारात अकरा माणसं उभी.

विधवेने अशा शुभकार्यात पुढे येऊ नये, हे गंगुबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि पोहे केले. ते बाहेर जाताच सरोजच्या नवऱ्याने, गोविंदाने, ठरलेलं वाक्य टाकलं, "पोहे हेमानेच केलेत बरं का!"

मुलाची आत्या मुरलेली होती. "हो का? किती वेळ भिजवलेस गं?"

"अर्धा तास," हेमा म्हणाली.

आत गंगुबाईंनी कपाळाला हात लावला.

"अर्ध्या तासात खळ होते, मुली," बाहेर आत्या म्हणाली. "वह्यांना कव्हरं घालायला बरी."

हेमाची याआधी दोन स्थळं फिसकटली होती. तिसरंही फिसकटणार, हे दाराच्या फटीतूनही कळत होतं. आपण काय करतोय हे ध्यानात येण्याआधी गंगुबाई ओसरीवर होत्या.

"पोहे मी केलेत. भिजवत नाहीत, धुऊन निथळवतात. मुलीला येत नाहीत, शिकेल. तुमच्या मुलाला काय येतं?"

मुलाला असं कोणी विचारत नसतं. आत्याने आधी गंगुबाईंचं मोकळं कपाळ पाहिलं, मग गोविंदाकडे पाहिलं. मुलगा, पोस्टातला श्रीपाद, इतका वेळ जमीन न्याहाळत होता. तो म्हणाला, "चहा येतो. मेसमध्ये शिकलो."

"मग करा."

"श्रीपाद, बस खाली!" आत्या ओरडली, पण तो आत पोचला होता.

"आठवड्याच्या रेशनची साखर आहे, जपून," गंगुबाईंनी बजावलं. श्रीपादने मेसच्या हिशेबाने सगळी टाकली. चहा पाकासारखा झाला. पहिल्याच घोटाला हेमा खदखदून हसली. दाखवायला बसलेली मुलगी हसली, हा त्या दिवसातला दुसरा अपराध.

निघताना आत्या मोठ्याने म्हणाली, "शुभकार्यात ही बाई आडवी आली. आता काय व्हायचं ते होईल."

चार दिवस गंगुबाईंनी कडी काढली नाही. पोरीचं आपण मोडलं, या विचाराने त्यांनी चूलही धड पेटवली नाही. पाचव्या दिवशी सरोज दार बडवत आली. पत्र होतं. मुलगी पसंत. 'हसली तीच करीन' असं श्रीपादने घरी सांगितलं होतं.

बातमी नळावर गेली आणि नळावरून कल्याणपर्यंत. दोन महिन्यांत त्या ओसरीवर सात कार्यक्रम झाले. गंगुबाईंनी नियम घातले. पोह्यांबाबत कोणी खोटं बोलायचं नाही. साखर ज्याची त्याने आणायची. मुलाने काहीतरी करून दाखवायचं. एकाने बटण शिवलं. एक वकील बटाटा सोलताना रुसून निघून गेला. "ज्यांना मी समोर नको, त्यांनी दुसरीकडे खुर्च्या बघाव्यात," असंही त्या सांगत. दुसरीकडे खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे आक्षेप कमी आले. सातांतली तीनच लग्नं जमली. पण गंगुबाईंनी घराच्या भिंतींना चुना लावून घेतला आणि शनिवारी कोथिंबिरीसाठी घासाघीस करायला त्या स्वतः बाजारात जाऊ लागल्या.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी परशुराम आले. मंडळी मुलाच्या मामाची वाट पाहत होती. त्यांनी यांनाच मामा समजून खुर्चीवर बसवलं आणि पोह्यांची बशी हातात दिली. अर्धे पोहे संपल्यावर परशुरामांना कंठ फुटला. "मी वहिनींना कायमचं न्यायला आलोय."

मुलीच्या बापाने बशी खाली ठेवली. गंगुबाई बाहेर आल्या.

"भावोजी, आज जमायचं नाही."

"मग पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी ठाण्याचे आहेत. पौषात मुली दाखवत नाहीत, तेव्हा येईन."

"चला, पौषात तर पौषात. सामान किती आहे?"

"दोन लुगडी. चार दिवसांना आणखी काय लागतं? आणि परत आणून सोडायचं तुम्ही. माघातले सगळे रविवार लागलेत."