दाजीच्या दाढेचा कौल

आमच्या वाडीत देवाशी बोलायचं काम दाजीकडे आहे. मसुऱ्याच्या अलीकडे रस्ता वळतो तिथे रवळनाथाचं देऊळ आहे. जत्रेला दाजी देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. मुंबईला गेलेल्यांची नोकरी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची म्हैस गाभण राहत नाही, सगळं तो देवाच्या कानावर घालतो आणि आम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. तीस वर्षं हे चाललंय. दाजी माझा चुलतभाऊ, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क मला आहे आणि तो मी आज वापरणार आहे.

दाजीची खरी भक्ती खाज्यावर. बेसनाच्या कांड्यांवर आल्या-गुळाचा पाक चढवलेलं हे खाजं आम्ही जत्रेत खातो, दाजी बारा महिने खातो. निजताना एक कांडी गालात ठेवतो. चावत नाही, 'विरघळत ठेवतो' म्हणे. सकाळी त्याच तोंडात मशेरी. माझी मुलगी अक्षया दातांची डॉक्टर आहे, मसुऱ्याच्या बाजारात तिचा दवाखाना आहे. तिने दाजीला एकदा चांगला ब्रश दिला. त्याने तो सायकलची चेन साफ करायला ठेवला.

यंदा जत्रा दहा दिवसांवर आली आणि दाजीचा उजवा गाल सुजून टम्म झाला. तोंडात दोन बोटं जाईनात. अक्षयाने बॅटरी मारून पाहिलं.

"दाजीकाका, कीड मुळापर्यंत गेली हा. दाढ काढूक नको, वाचात. इंजेक्शन देऊन उघडूया, आतला पू काढूया. उशीर केलात तर सूज गळ्याकडे उतरात."

इंजेक्शन म्हटल्यावर दाजी भिंतीला चिकटला. "देवाक इचारल्याशिवाय मी तोंड उघडूचंय नाय."

हे सांगायलासुद्धा त्याला तोंड उघडावं लागलं, पण आमच्याकडे देवाचं नाव निघालं की असल्या गोष्टी कुणी काढत नाही. अक्षयाने गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली.

सकाळी कौल लावला. गुरुदास गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. एरवी पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो. पाकळ्या दाजीनेच आणल्या होत्या, केळीच्या पानात गुंडाळून.

"बा देवा म्हाराजा," गुरुदासने विचारलं, "दाजीची दाढ उघडूची काय?"

अर्धा तास गेला, तास गेला. पाकळ्या हलेनात. पंखा लावून पाहिला. गुरुदास म्हणाला, "देव इचारात पडलो." शेजारच्या विनीतचं म्हणणं पडलं की तोंडात दाढा पुष्कळ, देवाला नेमकी कुठली ते सांगायला हवं. मग गुरुदासने "खालची, उजवी, शेवटसून दुसरी" असा दाढेचा पूर्ण पत्ता सांगितला. तरी काही नाही. दाजी मात्र खांबाला टेकून, गाल धरून, अगदी तृप्त बसला होता. एवढा समाधानी आजारी मी जन्मात पाहिला नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मुंग्या आधी दिसल्या त्या दाजीच्या बायकोला, सुभद्रावहिनीला. पाषाणावर दोन रांगा चढत होत्या, एक उजव्या पाकळीकडे, एक डाव्या. गुरुदासने पाकळीखाली बोट लावून वास घेतला.

"आल्याचो वास येता," तो म्हणाला.

"खाज्याच्या डब्याच्या बुडाक ऱ्हवलेलो पाक खंय गेलो, ता आता कळला," वहिनी म्हणाली.

सगळे दाजीकडे वळले. साक्षात देवाला चिकटवून ठेवलं होतं त्याने, होकारही नको आणि नकारही नको म्हणून. मला इतका राग आला की मी चप्पल शोधायला लागलो. पण दाजी हळूच म्हणाला, "माका सुई बघून भंय वाटता," आणि साठी ओलांडलेला तो माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

तेवढ्यात मुदत संपत आली म्हणून अक्षया आली. तिने मुंग्या पाहिल्या, दाजीला पाहिलं, आणि न रागावता त्याच्याजवळ बसली.

"कीड म्हणतत, पण दाढेत किडो-बिडो काय नसता, दाजीकाका. तोंडात डोळ्यांक दिसत नाय इतके बारीक जंतू आसत. गोड ऱ्हवला की तेंची चंगळ. ते गोड खातत आणि आम्ल सोडतत, त्या आम्लान दाताक भोक पडता. मुंग्ये देवाकडे तासाभरात पोचले. तुमी तर रोज रातभर गालात पाक ठेवतास."



आता प्रश्न वेगळाच उभा राहिला. देवाला फसवलं, तर क्षमेचं गाऱ्हाणं घालायला हवं. गाऱ्हाण्याचा मान दाजीच्या घराचा, आणि दाजीचं तोंड उघडेना.

"मान घराचो मां?" सुभद्रावहिनीने पदर खोचला. "मग मीय त्याच घरातली."

ती देवासमोर उभी राहिली. "बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या घोवान तुका पाक लावलो, तेका क्षमा कर!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईने घातलेलं गाऱ्हाणं आमच्या देवळाने कधी ऐकलं नव्हतं. "व्हय म्हाराजा" मीही म्हटलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मग खांबाकडून, सुजलेल्या गालातून कसाबसा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

"निजताना खाजा तोंडात ठेवता, ता बंद होवंदे!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळे ओरडलो.

"मशेरी सुटांदे! त्या ब्रशान सायकल नाय, दात घासांदे, सकाळी आणि निजताना!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो भियालो आसा. तेच्या वांगडा, तेच्या बाजूक रव."

या वेळी दाजीने नुसते हात जोडले. त्याच्या वाटचं आम्ही म्हटलं. आणि उजवी पाकळी मुंग्यांसकट खाली पडली. तो कौल देवाचा की मुंग्यांचा, यावर वाडीत अजून दोन तट आहेत.

त्याच दुपारी अक्षयाने दाढ उघडली. चार दिवसांत सूज उतरली. मुळं साफ करायचं थोडं काम आणि वरची टोपी जत्रेनंतर करायची ठरली.

जत्रेच्या दिवशी दाजी उभा राहिला. नोकऱ्या झाल्या, गुडघे झाले, म्हैस झाली. आम्हाला वाटलं संपलं. तर तो थांबला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःचं नाव घेतलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या दाजीक अजून एकदा त्या खुर्चीत बसूचा आसा. तेका भंय वाटता."

आम्ही तोंड उघडायच्या आत सुभद्रावहिनीने, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हटलं, "व्हय म्हाराजा!"